शून्य, एक, दोन, तीन : प्लगइनचा छोटासा करार

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सर्व्हर रूमवर लक्ष ठेवायला नागिओस आहे. पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून यूपीएसच्या बॅटरीवरही नजर हवी असं मी सुचवलं, तर सिनिअर म्हणाले, ‘मग लिही एक प्लगइन, नागिओस चालवेल.’ नागिओस लिहिणाऱ्यांनी आमचा यूपीएस जन्मात पाहिलेला नाही. मग मी उद्या लिहिलेला प्रोग्राम त्याला समजणार कसा? आणि लिहायचाच तर काय काय सांभाळू? – एक वाचक, सांगली

उत्तर : खरं सांगायचं तर नागिओसला तुमचा प्रोग्राम समजणारच नाही. तसा तो समजावा अशी त्याची अपेक्षाही नाही.

नागिओसच्या गाभ्याला स्वतःहून काहीच तपासता येत नाही. डिस्क किती भरली, वेबसाइट उघडते का, इतकंच काय, समोरचं मशीन चालू आहे की बंद हेही त्याला कळत नाही. साध्या पिंगसाठीसुद्धा ‘चेक_पिंग’ नावाचा वेगळा प्रोग्राम असतो. गाभ्याची कामं दुसरी : कोणती तपासणी कधी करायची याचं वेळापत्रक सांभाळायचं, निकाल नोंदवायचा, बिघाड खरा आहे याची खात्री झाली की कोणाला कळवायचं ते बघायचं. तपासणीची वेळ आली की तो एक बाहेरचा प्रोग्राम चालवतो आणि तो संपल्यावर दोनच गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे प्रोग्रामनं जाताना मागे ठेवलेला एक्झिट कोड. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे कळलं नाही. दुसरी म्हणजे प्रोग्रामनं छापलेली ओळ, जी माणसांनी वाचायची असते. करार संपला.

या करारात भाषा कोणती वापरायची ते लिहिलेलं नाही. शेल चालेल, पर्ल चालेल, पायथॉन चालेल, सी किंवा गो चालेल. कोणती लायब्ररी जोडायची, कोणता फॉर्म भरायचा, तेही नाही. युनिक्सवरचा कुठलाही प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतोच आणि बहुतेक प्रोग्राम काहीतरी छापतातच. करार त्यावरच उभा आहे. शिवाय प्लगइन ही वेगळी प्रोसेस असल्यामुळे तुमचा प्रोग्राम कोसळला तरी गाभ्याला धक्का लागत नाही.

करार लहान ठेवण्याचा फायदा किती, ते या सॉफ्टवेअरच्या इतिहासातच दिसतं. ईथन गॅलस्टड या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९९ मध्ये ते नेटसेंट या नावानं खुलं केलं, २००२ मध्ये त्याचं नागिओस झालं. २००९ मध्ये मतभेदांतून आयसिंगा ही शाखा फुटली आणि पुढे तिचा गाभा पूर्णपणे नव्यानं लिहिला गेला. २००९ च्याच सुमाराला शिंकेन नावाचा पायथॉनमधला अवतार आला, नंतर नेमॉन आला. २०१४ मध्ये तर प्लगइनांचा संच सांभाळणारी मंडळीही वेगळी झाली आणि एकाचे दोन प्रकल्प झाले. एवढी भाऊबंदकी होऊनही चेक_डिस्क यातल्या कोणाकडेही तसंच चालतं. गाभे बदलले, मालक बदलले, पण चार आकड्यांना कोणी हात लावला नाही.

आता तुमच्या यूपीएसकडे येऊ. यूएसबीनं जोडलेल्या यूपीएसशी बोलायला ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे जुनं, खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या कमांडचं नाव यूपीएससी. कलेक्टर व्हायची स्वप्नं पडली तर पडोत. तिला बॅटरी किती चार्ज आहे असं विचारलं की ती नुसता आकडा देते, समजा ८७. स्थिती विचारली तर ‘ओएल’ म्हणजे वीज चालू आहे, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर चाललंय, सोबत ‘एलबी’ आलं तर बॅटरी संपत आली. तुमच्या प्लगइननं हे विचारायचं, मर्यादांशी ताडून पाहायचं आणि अशी एक ओळ छापायची :

यूपीएस ठीक : बॅटरी ८७ टक्के, वीज चालू | चार्ज=८७%;५०:;२०:

उभ्या रेघेच्या डावीकडचा मजकूर माणसांसाठी, उजवीकडचा यंत्रांसाठी. उजवीकडे क्रमानं मोजलेला आकडा, सावध करण्याची मर्यादा आणि गंभीर मर्यादा आहे. आलेख काढणारी सॉफ्टवेअर हाच भाग उचलतात. (इथे मी आकडे देवनागरीत लिहिले आहेत, प्रोग्राममध्ये ते इंग्रजीतच लिहा.)

त्या ५० आणि २० पुढच्या विसर्गासारख्या दोन टिंबांकडे नीट पाहा, कारण नवीन लेखक इथेच घसरतात. या प्लगइनांच्या रिवाजात मर्यादा म्हणून नुसतं ‘२०’ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘० ते २० च्या बाहेर गेलं की ओरडा’ असा होतो. डिस्क किती भरली, प्रोसेसरवर किती भार आहे, अशा वाढल्यावर त्रास देणाऱ्या गोष्टींना हे बरोबर लागू पडतं. बॅटरीचं उलटं असतं. टिंबं विसरलात तर ८७ टक्के भरलेली बॅटरी ‘गंभीर’ म्हणून मध्यरात्री तुम्हाला उठवेल आणि १५ टक्क्यांवर आलेली बॅटरी ‘ठीक’ म्हणून गप्प राहील. ‘२०:’ लिहिलं की अर्थ होतो ‘२० च्या खाली गेलं तर ओरडा’. या मर्यादा प्रोग्रामच्या पोटात लिहू नका, चालवताना बाहेरून देता येतील अशा ठेवा. तुमच्या सर्व्हर रूमला ५० टक्के पुरत असतील, शेजारच्या इमारतीत जुन्या बॅटऱ्या असतील तर तिथे ७० लागतील. प्लगइन एकच, मर्यादा ज्याच्या त्याच्या.

याहून घातक चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. शेलमध्ये लिहिणारे साधारण असं लिहितात : चार्ज २० पेक्षा कमी असेल तर गंभीर, नाहीतर ५० पेक्षा कमी असेल तर सावध, नाहीतर ठीक. वाचायला सरळ वाटतं. आता समजा यूएसबीची केबल कोणीतरी झाडू मारताना सैल केली. यूपीएससी आकडा देणार नाही, तक्रार करेल, आणि तुमच्या व्हेरिएबलमध्ये काहीच येणार नाही. शेलच्या साध्या चौकोनी कंसात रिकाम्या मजकुराची २० शी तुलना केली की ‘इथे पूर्णांक हवा होता’ अशी कुरकुर एरर आउटपुटवर होते, पण प्रोग्राम थांबत नाही. अट खोटी ठरते आणि पुढची अट तपासली जाते. तीही खोटी ठरते. मग राहतं शेवटचं ‘नाहीतर’, म्हणजे ठीक, एक्झिट कोड ०. केबल निघालेली, आणि नागिओसच्या पडद्यावर हिरवा रंग.

म्हणून तो चौथा आकडा, ३. वीज मीटरचं रीडिंग घेणारा माणूस आठवा. दार उघडं असेल तर आकडा लिहितो, कुलूप असेल तर ‘घर बंद’ लिहितो. शून्य युनिट लिहून पुढे जात नाही. बिल किती लावायचं, कनेक्शन तोडायचं का, हेही तो ठरवत नाही. चांगलं प्लगइन नेमकं इतकंच करतं. आकडा मिळाला का, तो खरंच आकडा आहे का, हे आधी बघा. नसेल तर कारण छापा आणि ३ देऊन बाहेर पडा. ‘ठीक’ हा निकाल सगळे पुरावे हातात आल्यावरच द्यायचा. कोडमध्येही सुरुवातीला निकाल ३ धरून चाला आणि पुराव्यानिशी तो खाली आणा. सुरुवात ० पासून केलीत तर वर सांगितलेला अपघात आज ना उद्या होणारच.

वेळेचं भानही यातच येतं. ज्या उपकरणाची चौकशी करायची तेच अडकलं तर तुमचा प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसेल. नागिओसचा गाभा नेहमीच्या मांडणीत ६० सेकंद थांबून असा प्रोग्राम मारून टाकतो, पण मग कारण कळत नाही. प्लगइननं स्वतःच आधी हात वर करावेत. सोबत येणाऱ्या बहुतेक प्लगइनांची सहनशक्ती १० सेकंदांची असते, तुम्हीही तेवढीच ठेवा.

आणि काय करू नये तेही ऐका. प्लगइनमधून एसएमएस पाठवू नका. ‘लागोपाठ तीनदा बिघाड दिसला तरच सांगायचं’ असली हुशारीही आत घालू नका. किती वेळा खात्री करायची हे गाभ्यात सेटिंग म्हणून आधीच आहे. तिथे बिघाड आधी कच्चा धरला जातो आणि ठरलेल्या वेळा तोच निकाल आला की पक्का होतो. तुम्ही तीनदा मोजलंत, गाभ्यानंही तीनदा मोजलं, तर बॅटरी उतरून सर्व्हर बंद पडल्यावर अलर्ट येईल.

प्रश्न : दर तपासणीला नवा प्रोग्राम सुरू करायचा आणि संपवायचा, हे महाग पडत नाही का? बाकीची खुली सॉफ्टवेअर असंच करतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पडतं. हिशेब करून पाहा. २००० तपासण्या दर पाच मिनिटांनी असतील तर सेकंदाला सात प्रोग्रामही सुरू होत नाहीत, मशीनला ते जाणवतही नाही. त्याच तपासण्या दर दहा सेकंदांनी हव्या असतील तर सेकंदाला २०० प्रोग्राम जन्मणार आणि मरणार. तेव्हा मोजण्यापेक्षा या जन्ममरणाचाच खर्च जास्त होतो. म्हणून वेगवेगळ्या प्रकल्पांनी कुंपण वेगवेगळ्या जागी घातलं.

म्युनिन हे पर्लमधलं सॉफ्टवेअर नागिओसच्या सर्वांत जवळचं. त्याचं प्लगइनही स्वतंत्र प्रोग्रामच असतो, पण त्याला दोन प्रकारे हाक मारतात. ‘कॉन्फिग’ हा शब्द देऊन चालवलं की ते स्वतःची ओळख सांगतं : आलेखाचं शीर्षक काय, कोणत्या रेषेला काय नाव. काहीही न देता चालवलं की फक्त आकडे सांगतं. शिवाय आणखी एक शब्द आहे, ‘ऑटोकॉन्फ’. त्यावर प्लगइन ‘या मशीनवर माझा उपयोग आहे की नाही’ याचं हो किंवा नाही असं उत्तर देतं. म्हणजे नवीन मशीनवर कोणती प्लगइनं लावायची हे प्लगइनंच सांगतात. दर पाच मिनिटांच्या मोजणीला हा थाट परवडतो.

फ्लोरियन फोर्स्टर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या कलेक्ट-डीनं उलट वाट धरली. त्याची प्लगइनं सीमध्ये लिहिलेली असतात आणि चालू प्रोग्रामच्या आतच जोडली जातात. प्लगइन आल्याबरोबर नोंदणी करतं : ‘मोजायची वेळ झाली की माझं अमुक फंक्शन बोलवा.’ त्यामुळे दर दहा सेकंदांनी मोजणं स्वस्तात होतं. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एका प्लगइननं मेमरीत चुकीच्या जागी पाय ठेवला तर सगळा कलेक्ट-डी कोसळतो आणि त्याच्यासोबत निरपराध प्लगइनंही. टेलिग्राफ या सॉफ्टवेअरमध्ये गो भाषेतली प्लगइनं मुख्य प्रोग्रामसोबतच कंपाइल होतात. घ्यायला एकच फाइल, पण तुमचं नवीन प्लगइन आत यायचं तर मूळ प्रकल्पानं ते स्वीकारायला हवं. म्हणून बाहेरचा प्रोग्राम एकदाच सुरू करून तो चालू ठेवायची आणि त्याच्याकडून आकडे घेत राहायची सोयही टेलिग्राफनं दिली आहे. हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहारी वाटतो : भिंत राहते, जन्ममरणाचा खर्च वाचतो.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियसनं प्लगइन हा प्रकार आपल्या घरातच घेतला नाही. तिथे ‘एक्स्पोर्टर’ असतात. एक्स्पोर्टर हा सतत चालणारा छोटा वेब सर्व्हर. त्याच्या पानावर साध्या मजकुरात नावं आणि आकडे असतात, आणि प्रोमिथियस ठरावीक वेळानं येऊन ते पान वाचून जातो. मोजणारा निकाल देत नाही, फक्त आकडा देतो. ठीक की गंभीर हे प्रोमिथियसकडच्या नियमांत ठरतं. आज ५० टक्के मर्यादा ठेवली आणि उद्या ‘तासाभरात १० टक्क्यांनी उतरली तर सांग’ असं वाटलं, तर एक्स्पोर्टरला हात लावावा लागत नाही. नागिओसच्या करारात ही मोकळीक नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांनी जपली आहे. म्युनिन आणि कलेक्ट-डीला बाहेरचा प्रोग्राम आकड्याच्या जागी ‘यू’ हे अक्षर देऊ शकतो, म्हणजे मोजता आलं नाही. प्रोमिथियस प्रत्येक भेटीनंतर ‘अप’ नावाची नोंद करतो. पान वाचता आलं तर १, नाहीतर ०. ‘कळलं नाही’ला स्वतंत्र जागा द्यायला कोणीही विसरलेलं नाही.

प्रश्न : सीपीयू, मेमरी, डिस्क, बॅकअप, सगळं तपासणारं एकच मोठं प्लगइन लिहिलं तर? एकदाच लावलं की झालं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : लावायला सोपं, निस्तरायला अवघड. नागिओसमध्ये एका तपासणीला एकच निकाल असतो. डिस्क भरली म्हणून तुमचं महाप्लगइन ‘गंभीर’ झालं, तुम्ही ‘बघतो’ अशी नोंद करून अलर्ट शांत केला, आणि त्याच रात्री बॅकअप फसला. निकाल आधीच ‘गंभीर’ होता, त्यामुळे नवीन काही घडलं असं गाभ्याला वाटणारच नाही.

एकत्र ठेवायचंच असेल तर प्रोमिथियसच्या नोड एक्स्पोर्टरकडून शिका. लिनक्स मशीनची सगळी माहिती तो एकाच पानावर देतो, पण आतमध्ये प्रत्येक विषयाचा कलेक्टर वेगळा असतो. सीपीयूचा वेगळा, डिस्कचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा. कोणता चालू, कोणता बंद, हे सुरू करताना सांगता येतं. एक फसला तरी बाकीचे आपापले आकडे देतात, आणि कोणता यशस्वी झाला, किती वेळ लागला, याचीही नोंद त्याच पानावर येते.

त्याच्या एका कलेक्टरचं काम तर फक्त एका फोल्डरमधल्या मजकूर फाइली वाचून पानावर टाकणं. तुमचा रात्रीचा बॅकअप संपला की त्यानं दोन ओळींची फाइल तिथे ठेवायची. एक्स्पोर्टर लिहायची गरजच नाही. पथ्यं दोन. एक, फाइल आधी दुसऱ्या नावानं पूर्ण लिहा आणि मग नाव बदला, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाईल. दोन, बॅकअपची स्क्रिप्ट चालायचीच बंद झाली तरी जुनी फाइल तिथेच राहते आणि जुना आकडा रोज ताजा म्हणून दिसत राहतो. फाइल शेवटची कधी बदलली याचा आकडाही एक्स्पोर्टर देतो, त्यावर नियम लावा.

नावं देतानाही संयम हवा. प्रोमिथियसमध्ये आकड्याला लेबलं जोडता येतात आणि लेबलांच्या प्रत्येक वेगळ्या जोडीची वेगळी मालिका तयार होते. १० सर्व्हर, २० पानं, ५ प्रकारची उत्तरं म्हणजे १००० मालिका, आरामात पेलतील. त्यात ३००० विद्यार्थ्यांचे रोल नंबर लेबल म्हणून जोडले की त्या ३० लाखांपर्यंत जाऊ शकतात आणि लक्ष ठेवणारं मशीनच आडवं होतं. एककं सेकंद आणि बाइट अशी मूळचीच ठेवा. मिलिसेकंद की मायक्रोसेकंद हा गोंधळ आलेख दाखवताना सोडवता येतो, साठवताना नको.

प्रश्न : काही तपासण्यांना रूटचे अधिकार लागतात. प्लगइन सरळ रूट म्हणून चालवावं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नको. जी एक कमांड रूटशिवाय चालत नाही तेवढीच सुडोमधून मोकळी करा, बाकी प्लगइन साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालू द्या. या बाबतीत प्रकल्पही कडक आहेत. बाहेरची स्क्रिप्ट चालवणारा कलेक्ट-डीचा भाग तिला रूट म्हणून चालवायला साफ नकार देतो. दूरच्या मशीनवर नागिओसची प्लगइनं चालवणाऱ्या एनआरपीईमध्ये बाहेरून आर्ग्युमेंट स्वीकारणं मुळातच बंद असतं. ते चालू करायच्या सेटिंगचं नावच ‘डोंट_ब्लेम_एनआरपीई’ आहे. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका, असं लेखकांनी फाइलीतच लिहून ठेवलंय म्हणा ना.

प्रश्न : प्लगइन तयार झालं असं कधी म्हणायचं? इतरांना देण्याआधी काय करावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ते चाललं की नाही यापेक्षा ते बिघडतं कसं, हे बघा. सांगलीच्या वाचकांचंच उदाहरण घेऊ. यूपीएसची यूएसबी केबल काढा, यूपीएससी म्हणेल माहिती शिळी आहे. ड्रायव्हर बंद करा, म्हणेल ड्रायव्हर जोडलेला नाही. यूपीएसचं नाव चुकीचं द्या, म्हणेल असा यूपीएस माहीत नाही. तिन्ही वेळा प्लगइननं ३ द्यायला हवा आणि तिन्ही कारणं छापलेल्या ओळीत वेगवेगळी दिसायला हवीत. त्यातल्या एका जरी वेळी ० आला तर प्लगइन नसलेलं बरं; निदान खोटा भरवसा तरी राहत नाही.

द्यायची वेळ आली की सोबत परवाना स्पष्ट लिहा, मदतीच्या मजकुरात एक खरं उदाहरण द्या आणि कोणत्या गोष्टी आधी बसवलेल्या लागतात ते सांगा. माणसांसाठीचा मजकूर पुढे हवा तसा सुधारा, मराठीत छापा, कोणाचं काही अडत नाही. एक्झिट कोडचा अर्थ आणि रेघेच्या उजवीकडची नावं मात्र एकदा ठरली की बदलू नका. ‘चार्ज’चं ‘बॅटरी_चार्ज’ केलंत तर तुमच्याकडे फक्त नाव सुधारेल, पण ज्यांनी प्लगइन नेलं त्यांचे वर्षभराचे आलेख त्या दिवशी तुटतील.